काकू किती घरच्या?

त्या उन्हाळ्यातली देवांची चोरी मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दंगे पाहिले, ते आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. पण या मामल्यातली माणसं आणि त्यांचं बोलणं जसंच्या तसं समोर उभं राहतं. नाव कोणाचंही लिहिणार नाही. इज्जत सगळ्यांना असते, गेलेल्यांनाही.

मी आठवी शिकलेला माणूस. भोपाळात शिपाई म्हणून भरती झालो आणि खांद्यावर दोन तारे घेऊन घरी आलो. तारे कोणी दिले नाहीत, मी मिळवले. घरची मराठी ग्वाल्हेरची, त्यात अर्धी हिंदी. शुद्ध वाचायचं असेल त्याने दुसऱ्याचं वाचावं. मी घडलं तसं लिहितो.

निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तुलसी नगरातली सरकारी क्वार्टर्स आमच्या हद्दीत होती. तिथे बरीच मराठी कुटुंबं, कोणी वीज खात्यात, कोणी ऑडिटमध्ये, कोणी मंत्रालयात. मे महिन्यात ही सगळी घरं कुलूप लावून नागपूर, अकोला, पुण्याला जातात. जाताना देव तांदळात ठेवतात. डब्यात तांदूळ, तांदळात देव, वरून झाकण. रोजची पूजा चुकली तरी देव उपाशी राहिले असं होत नाही, अशी समजूत. आमच्या घरीही तसंच करायचे.

जूनमध्ये पहिली तक्रार आली. वीज खात्यातले एक इंजिनियर आणि त्यांची बायको. कुलूप शाबूत, कपाट शाबूत, टीव्ही जागेवर. फक्त तांदळाच्या डब्यातले देव गेले. अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि सगळे टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले घराण्याचे कुलदेव. चांदी म्हणाल तर फार नाही. पण त्या बाई ज्या तऱ्हेने रडत होत्या, तसं मी मंगळसूत्र खेचलं गेलेल्या बायकांनाही रडताना पाहिलं नव्हतं.

"दिवाळीनंतर मुलीचं लग्न आहे," त्या म्हणाल्या. "कुलदेवच नाहीत तर लग्न कोणापुढे लावू?"

मग दोन तक्रारी आणखी आल्या. एक अकोल्याच्या ऑडिटवाल्यांची, त्यांचेही सगळे देव गेलेले. तिसरी एका शिक्षक जोडप्याची, त्यांची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण गेले, टाक मात्र तांदळात तसेच. आणि तिन्ही ठिकाणी डब्याचं झाकण नीट लावलेलं. चोर झाकण लावत नाही. हे मला पहिल्या दिवशीच खटकलं होतं.

त्याच दिवसांत आमच्या ठाण्यात एक मॅडम येऊन बसायच्या. उज्जैनच्या मराठी घरातल्या, चाळिशीच्या आसपास. महाराणा प्रताप नगरात एका कोचिंगमध्ये गणित शिकवायच्या आणि सोबत कसलं तरी संशोधन करायच्या. वरच्या ऑफिसातून परवानगी आणली होती, की हद्दीतल्या चोऱ्यांची माहिती कॉम्प्युटरमध्ये भरून बघायची, कशाचा कशाशी संबंध लागतो का ते. मालखान्याच्या, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीच्या दाराशी एक टेबल दिलं होतं, तिथे त्या पंख्याची दिशा बघून खुर्ची सरकवत बसायच्या.

पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "काका, सगळीकडे 'घरचा' की 'बाहेरचा' एवढंच का विचारता?"

"साहेब म्हणा," मी म्हटलं. "आणि दोनच विचारतो, कारण दोनच असतात."

"बरं साहेब. मोठा तलाव भरला हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"भदभद्याच्या धरणाचे दरवाजे उघडले की भरला."

"आणि त्याच्या आदल्या दिवशी?"

"आदल्या दिवशी नव्हता भरला."

"म्हणजे रिकामा होता?"

आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्याचं लिखापढीचं काम बघणारा हवालदार, तोंड फिरवून हसला. त्याला मी कोर्टात समन्स द्यायला पाठवून दिलं.

मॅडमचं म्हणणं एवढंच, की आपण बोलतो त्यातले निम्मे शब्द काठावरचे असतात. उंच, म्हातारा, जवळचा, बंद. कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात, कोणी रेघ मारलेली नसते. म्हणून त्या प्रत्येकाला शून्य ते एकच्या मधला एक अंश द्यायच्या. पूर्ण बाहेरचा तो शून्य, पूर्ण घरचा तो एक, बाकीचे मध्ये. याला धूसर संच म्हणतात म्हणे. मग त्यांचा कॉम्प्युटर नियम काढायचा, अमुक जितकं जास्त तितकं तमुक जास्त. आणि त्या नियमाला आधार किती घरांचा आहे, त्याच्यावर भरवसा किती ठेवावा, तेही सांगायचा.

मी म्हटलं, "मॅडम, माणूस चोर असतो नाहीतर नसतो. पाव चोर मी अजून पाहिला नाही."

"माझा नियम चोर सांगतच नाही, साहेब. नुसतं नातं सांगतो, कशाचं कशाशी."

"मग तुमच्या नियमाला हातकडी घालता येत नाही. आमच्या कामाचा नाही."

जवाहर चौकातला एक सराफ माझा जुना मुखबिर, खबर देणारा. एका सकाळी त्याचा फोन आला. तुलसी नगरात भांडी घासणारी एक बाई चांदी मोडायला आली होती. भाव ऐकून गेली, उद्या येते म्हणाली.

मी चौकशी केली. बाई तिन्ही घरांत कामाला. ठाण्याचे प्रमुख, आमच्याकडे त्यांना टी.आय. म्हणतात, ते तरुण होते आणि त्यांच्यावर वरून दाब होता. म्हणाले, "बस, मिल गई. ले आओ।"

महिला शिपाई पाठवून तिला आणलं. चाळीस-पंचेचाळीसची, बांध्याने बारीक, हाताला साबणाचा वास. मराठी घरांत काम करून करून तिची बोली खिचडी झालेली.

"चांदी कुठली?" मी विचारलं.

"माझी पायल आहे साहेब. मेरी शादी की। मुलगी नर्सिंगला लागली, तिची फीस."

"तीन घरांतले देव गेले. तिन्ही घरं तुझी."

"देवाचं मी काय करू? माझ्या घरात माझे आहेत ना. त्यांनाच जागा पुरत नाही."

महिला शिपाई हसली. मी हसलो नाही. पिशवीतून पायल काढून म्हटलं, घालून दाखव. तिने खाली बसून घातली. घोट्यावर वर्षानुवर्षं घासून पडलेला फिका वळ होता, पायल बरोबर त्या वळावर बसली. मी इतकी वर्षं लोकांची विचारपूस केली. ज्याने चोरी केलेली असते तो कुलूप कसं होतं, खिडकी कशी होती, यावर फार बोलतो. ज्याने केलेली नसते तो स्वतःबद्दल बोलत राहतो. ही बाई स्वतःबद्दलच बोलत होती.

"साहेब, एकदा नाव चढलं की तुलसी नगरात कोणी दार उघडणार नाही. आठ घरं आहेत माझी. आठही जातील. मग मुलगी पण घरी."

मी टी.आय.ना जाऊन सांगितलं, पायल तिचीच आहे. ते म्हणाले, "पायल तिची असेल, देव कुठं गेले?" कायद्याने बाईला सूर्य मावळल्यावर अटक करता येत नाही. म्हणून त्यांचा हिशेब सरळ होता. संध्याकाळच्या आत दुसरं काही निघालं तर ठीक, नाहीतर उजेड आहे तोवर अटक दाखवायची.

मी बाहेर आलो तर मॅडम उभ्या. सगळं ऐकलेलं होतं.

"तिच्या आठ घरांपैकी पाच घरांत काहीच गेलं नाही. तीही बंदच होती," त्या म्हणाल्या. "तिच्यावर नियम बसत नाही साहेब. भरवसा फार कमी येतो."

"मग कोणावर बसतो?"

"कोणावरच नाही. कारण तुमच्या कागदात सगळी घरं पूर्ण बंद आहेत आणि किल्ली कोणाकडेच नाही. असं असतं का? महिनाभर घर बंद, आणि तुळशी हिरव्या. मी काल जाऊन बघितलं."

हे मात्र मला लागलं. तुळशी मी पाहिल्या होत्या. त्या हिरव्या आहेत हे पाहिलं नव्हतं.

मी मोटारसायकल काढली आणि परत तुलसी नगरात गेलो. तक्रार घेताना आमचा ठरलेला प्रश्न असतो, किल्ली बाहेरच्या कोणाकडे होती का. तिन्ही घरांनी छातीवर हात ठेवून नाही सांगितलं होतं. या वेळी मी पोलिसासारखं विचारलंच नाही. इंजिनियरांच्या गॅलरीत उभा राहून म्हटलं, "वहिनी, तुळस छान ठेवलीय. मे महिन्यात आमची तर जळाली."

"अहो, काकू घालतात ना पाणी."

"मग किल्ली?"

"काकूंकडेच असते."

"तुम्ही तर सांगितलं होतं कोणाकडे नाही."

त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मीच काही वावगं बोललो. "तुम्ही बाहेरच्यांचं विचारलं होतं. काकू काय बाहेरच्या आहेत? माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. देव गेले तेव्हा पहिली मी त्यांच्याकडेच धावले. म्हणाल्या, मिळतील गं, देव कुठं जातात."

काकूंना मी ओळखत होतो. पलीकडच्या ब्लॉकमध्ये मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायच्या, मुलगा मंत्रालयात कारकून. मी हवालदार असताना त्या भागात गस्त असायची, तेव्हापासूनची ओळख. मी तारे लावले तरी त्या मला जमादारच म्हणायच्या. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. माझी बायको इस्पितळात होती तेव्हा महिनाभर माझ्या मुलांचा डबा त्या घरातून यायचा. मी कधी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं.

मी बाकीची घरं फिरलो. सगळीकडे किल्ली काकूंकडे, आणि सगळीकडे काकू बाहेरच्या नाहीत. एका घरात तर बोलता बोलता निघालं, की त्यांचीही अन्नपूर्णा दिसत नाही, पण आमच्याच हातून कुठे पडली असेल म्हणून तक्रार केली नाही. आणि या घरात ती भांडीवाली कधीच कामाला नव्हती.

ठाण्यात आलो. मॅडमना एवढं सांगितलं, किल्ली एका म्हाताऱ्या बाईकडे असते.

"त्या घरच्या का?"

"नाही."

"बाहेरच्या?"

"नाही."

"मग किती घरच्या?"

"आता काय वजनकाटा आणू?" मी चिडून म्हटलं.

"आणायला नको. तुम्ही नुसतं सांगा, कोणत्या घरात त्या कुठपर्यंत जातात."

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. इंजिनियरांकडे स्वयंपाकघरात न विचारता शिरतात, ऑडिटवाल्यांकडेही तसंच, त्यांना पॉइंट नऊ. शिक्षकांकडे हळदीकुंकवाला देवघरापाशी बसतात, पॉइंट सहा. जिथली फक्त अन्नपूर्णा गेली त्या घरी पुढच्या खोलीपर्यंत, पॉइंट तीन. दोन घरी फक्त गॅलरीतल्या तुळशीपर्यंत, तिथे अगदी थोडा. मग मॅडमनी चोरीलाही अंश दिले. सगळे देव गेले तिथे एक, टाक सोडून बाकीचे गेले तिथे निम्मा, एक अन्नपूर्णा गेली तिथे त्याहून कमी, काही गेलं नाही तिथे शून्य.

कॉम्प्युटर लावायची गरज पडली नाही. दोन्ही रांगा शेजारी ठेवल्या तर एकीचा चढउतार दुसरीत तसाच उतरलेला होता. काकू जितक्या घरच्या, तितके देव गेलेले.

मॅडमचा चेहरा पडला. आपला नियम इतका बरोबर बसला म्हणून कोणाचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदा पाहिला. "सहाच घरं आहेत साहेब. आधार थोडा आहे. आणि हे नुसतं नातं आहे, गुन्हा नाही. जाऊन बोला त्यांच्याशी. नीट बोला."

"मला बोलायला शिकवू नका," मी म्हटलं आणि निघालो. उन्हं उतरायला लागली होती. आत बाकावर भांडीवाली बसली होती, पायातली पायल तिने काढलीच नव्हती.

काकूंनी दार उघडलं. "जमादार? या. पाणी घ्या."

पाणी घेतलं. म्हटलं, "काकू, देवाला नमस्कार करू द्या."

त्यांना आनंदच झाला. स्वयंपाकघरातल्या देवघराचा पडदा बाजूला केला. समोरच होते सगळे. एकावर एक अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाकांची रांगच्या रांग. घासून लख्ख केलेले, प्रत्येकावर मोगऱ्याचं फूल, पुढे तीन वेगळ्या वाट्यांत तीन नैवेद्य. मी तीस-बत्तीस वर्षं मुद्देमाल जप्त केला. कोणी लपवलेला, कोणी पुरलेला. असा मांडून ठेवलेला कधी पाहिला नाही.

"हे कोणाचे, काकू?"

"लेकरांचेच. कोंडून ठेवतात हो तांदळात. महिना महिना. श्वास तरी घेता येत असेल का? मी तुळशीला पाणी घालायला जायची, आतून मला बरं वाटायचं नाही. म्हटलं चला घरी, दोन घास खा."

"सगळ्यांचेच आणले?"

"सगळ्यांचे कसे आणीन? जिथलं ठाऊक आहे तिथले. परक्याच्या कुलदेवाला हात कसा लावायचा. तिथून अन्नपूर्णा तेवढी आणली, ती सगळ्यांची सारखीच."

मॅडमचे पॉइंट नऊ आणि पॉइंट तीन काकूंनी न विचारता सांगून टाकले.

"मग लोक परत आले तेव्हा दिले का नाहीत?"

त्यांनी एका टाकाला बोट लावलं. "हे इंजिनियरांचे. यांना गुळखोबरं लागतं." थोड्या वेळाने त्याच टाकाला परत बोट लावून म्हणाल्या, "हे अकोल्याच्यांचे." मग हात मागे घेतला. "थांबा, आठवतंय. सकाळी आठवत होतं." पदराने उगाच देव्हारा पुसायला लागल्या. "घासताना एकत्र केले. नंतर कोणाचे कोणते, लक्षात येईना. आणि हे सांगायचं कसं? म्हणाले असते, काकूंचं डोकं गेलं. किल्ल्या काढून घेतल्या असत्या."

मी सांगितलं, त्या भांडीवालीला ठाण्यात बसवलंय, दिवस मावळायच्या आत अटक होईल. त्यांना हे ठाऊक नव्हतं. तशाच उठल्या, चपला शोधायला लागल्या.

"चला जमादार. तिने काय केलंय?"

रिक्षा केली आणि उजेड असताना ठाण्यात पोचलो. काकू टी.आय.पुढे उभ्या राहून म्हणाल्या, "देव मी आणले. हिला घरी पाठवा." टी.आय.नी तिथेच भांडीवालीला सोडलं. जाताना ती काकूंच्या पाया पडली. का पडली ते मला अजून कळलेलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी ही लिहिलीच नसती.

देवघरातलं सगळं जप्त करावं लागलं, काकूंचे स्वतःचे देवही. वेगळे कोण काढणार? मग शिनाख्त ठेवली, म्हणजे ज्याने त्याने आपलं ओळखायचं. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण लहानमोठ्या आकारावरून ज्याचे त्याला गेले, अडलं ते टाकांवर. ठाण्यातल्या मोठ्या टेबलावर पांढरा कपडा, त्यावर ताटात टाक. फोटो कोणाकडे नव्हता. खंडोबा सगळ्यांचा घोड्यावर, भवानी सगळ्यांची सिंहावर, आणि घासून घासून सगळे सारखे गुळगुळीत. मी नियमाने विचारलं, "हा तुमचा? हो की नाही?"

इंजिनियरांच्या बायकोने एक भवानी उचलली. "वाटतो आमचा."

"वाटतो चालत नाही वहिनी. सुपुर्दनाम्यावर, माल ताब्यात मिळाल्याच्या कागदावर, सही करायची आहे. हो की नाही?"

त्यांनी दोनदा उलटून पाहिला. मग मोठ्याने म्हणाल्या, "हो."

"अहो, तो आमचा आहे," अकोल्याच्या बाई म्हणाल्या. "कोपरा बघा दुमडलेला."

"आमचाही दुमडलेलाच होता. सासूबाईंच्या हातून पडला होता."

"तुमचं नेहमी असंच असतं. गॅसचा नंबर पण असाच घेतला होता."

वर्षानुवर्षांच्या शेजारणी माझ्या टेबलावर भांडल्या. मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली. हळूच म्हणाल्या, "काका, इथे माझं काही चालत नाही." साहेब म्हणा, असं मी त्या दिवशी म्हटलं नाही.

काकू खुर्चीवर बसून प्रत्येकीला सांगत होत्या, "घे गं, तुझाच असेल. घे." दोघींनी आपापल्या घरात जितके टाक होते तितके मोजून उचलले. सह्या केल्या. ताटात तीन राहिले. आता दुसऱ्या कोणाचे असणार? मी ते काकूंपुढे ठेवले.

"हे तुमचे, काकू. हो म्हणा, सही करा आणि घेऊन जा."

त्यांनी एकेक हातात घेतला. खंडोबाच्या टाकावर बराच वेळ अंगठा फिरवला. "असतील माझे."

"असतील नाही. हो म्हणा."

"नक्की कसं सांगू? त्यांचे निघाले तर? मी परत दुसऱ्याचे देव घरी नेलेले होतील."

मी सोबत आलेल्या त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आईच बघायची सगळं. आमचे किती होते मला ठाऊक नाही." त्याला लवकर घरी जायचं होतं, माणसं बघत होती.

ज्यांनी खणखणीत हो म्हटलं त्यांना किती खात्री होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि जिचे ते नक्की होते तिच्या तोंडून हो निघेना. सुपुर्दनाम्यात 'असतील' लिहायला जागा नाही. मी तीन वेळा विचारलं. मग ते तीन टाक मालखान्यात जमा केले. मी नियम मोडला नाही. आज विचारलंत तरी मी मोडणार नाही. पण त्या संध्याकाळी काकू हात मोकळे घेऊन पायऱ्या उतरल्या, ते बघायला मी बाहेर गेलो नाही.

तिन्ही घरांनी तक्रार चालवायची नाही असं लिहून दिलं. गैरसमज म्हणून खात्मा रिपोर्ट गेला, फाइल बंद झाली. इंजिनियरांच्या मुलीचं लग्न त्या टाकांपुढेच लागलं. किल्ल्या मात्र सगळ्यांनी काकूंकडून परत घेतल्या, कोणी हसत घेतल्या, कोणी मुलाला पाठवून घेतल्या. काकूंच्या मुलाने पुढच्या वर्षी नागपूरला बदली करून घेतली. तिथे वर्षभरात त्या गेल्या. शेवटी कोणालाच ओळखत नव्हत्या म्हणे. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.

भांडीवाली एकदा जवाहर चौकात भेटली. मी विचारलं, कामं चालू आहेत ना.

"तीन घरं सुटली साहेब. लोग बोलते हैं, थोड़ा-बहुत तो किया ही होगा।"

हे मला काकूंइतकंच लागलं आहे. मॅडमचं म्हणणं मी मान्य करतो. माणसं घरची आणि बाहेरची अशी दोन ढिगांत बसत नाहीत, आणि मी दोन ढिगांत विचारत होतो तोवर तुलसी नगर मला खरं बोलूनही काही सांगत नव्हतं. काकूंनी केलं ती चोरी होती का? कितीशी होती? ते मला आठवीच्या शिक्षणावर सांगता येत नाही, आणि मॅडमलाही आलं नाही. पण त्या बाईने काहीच केलेलं नव्हतं. तिथे शून्यच पाहिजे. लोकांनी तिला मनातल्या मनात एक अंश देऊन ठेवला, आणि तो पुसायला माझ्याकडे कुठला कागद नव्हता. कुठे मोजमाप सैल सोडायचं आणि कुठे पक्कं धरायचं, हे ज्याला कळलं त्याने पोलिसात जावं. मला ते खुर्ची सोडायच्या वेळी थोडं थोडं कळलं.

निवृत्तीच्या दिवशी चार्ज देताना मालखान्याची मोजणी झाली. ते तीन टाक एका लहान स्टीलच्या डब्यात होते, चिठ्ठी बांधलेली, मालक अज्ञात. मी ठाण्याच्या मेसमधून मूठभर तांदूळ मागवले आणि डब्यात टाकले.

मुन्शी म्हणाला, "सर, चूहे लगेंगे।"

"लागू दे," मी म्हटलं.

टाक तांदळात ठेवले आणि झाकण लावायला घेतलं. तेवढ्यात काकूंचं बोलणं आठवलं, श्वास तरी घेता येत असेल का. मी झाकण पूर्ण दाबलं नाही. पूर्ण उघडंही ठेवलं नाही. नुसतं वर टेकवलं.

मुन्शी रजिस्टर उघडून बसला होता. "सर, क्या लिखूँ? बंद कि खुला?"

मी सही केली, टोपी उचलली आणि बाहेर आलो. त्याने काय लिहिलं, मला माहीत नाही.